दुधाची फवारणी

४ फेब्रुवारी

आज माझं सदर गेलं. इतकी वर्षं दर रविवारी लोकांचे कान उपटत होते, आज संपादकांनी माझाच उपटला. म्हणाले, "मॅडम, लोकांना आता हसायचं नाहीये. रोपं लावायची आहेत." आणि चहा मागवला. या माणसाने चहा मागवला की समजावं, सुरी आधीच पाठीत गेलेली आहे.

बदल्यात नवीन सदर मिळालं: बागेतले मित्रकीटक. बागेला कीड लागली की औषध मारायचं नाही. दुसरे किडे आणून सोडायचे, ते पहिल्यांना खातात. "तुमच्या स्वभावाला हे जमेल," असं वर म्हणाले. यात माझं कौतुक नक्की कुठे होतं ते मी घरी येईपर्यंत शोधत होते.

मला साधी तुळस जगवता आलेली नाही. पण खरी अडचण ती नव्हे. खरी अडचण बाबा.

माझ्या बाबांनी जन्मभर किडे मारले. हौस म्हणून नव्हे, तो त्यांचा धंदा. शाळा, खानावळी, गोदामं, दवाखाने. झुरळ, ढेकूण, वाळवी, जे सरपटेल ते. "मी गल्लीत शिरलो की झुरळं सामान बांधायला घेतात," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि नम्रतेशी बाबांचा परिचय कधी झाला नाही. आता ते माझ्याकडे असतात आणि विसरतात. सुरुवात चष्म्यापासून झाली. मग पत्ते, मग माणसांची नावं, मग आई गेली हेच. ते मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून आई बाजारात गेलेली असते.

पितळी पंप मात्र विसरलेले नाहीत. रोज सकाळी चिंचेने घासतात.

११ फेब्रुवारी

खोकं आलं. आत भुश्यात भुंगेरे: लाल पाठ, काळे ठिपके, शर्टाच्या बटणाएवढे. पुस्तकात ढालकिडा म्हणतात. गच्चीवरच्या घेवड्याला आणि गुलाबाला मावा लागलेलाच होता (माझी एकमेव यशस्वी लागवड). संध्याकाळी झाडं ओली करून भुंगेरे सोडले. कोवळ्या शेंड्यांवर मावा असा दाटीवाटीने बसला होता, जसं फुकटच्या व्याख्यानाला कुणी कधीच बसत नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी उठून पाहते तर बाबा गच्चीवर. बूट घालून, पंप घेऊन.

"किडे झालेत," म्हणाले. "तू कशी गं राहतेस अशा घरात? लोक काय म्हणतील, ह्याच्या मुलीच्या घरी किडे?"

पंप रिकामा होता म्हणून वाचले. मी म्हणजे माझे भुंगेरे. मी पंप काढून घेतला आणि माळ्यावर टाकला. बाबा दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बूट घालून बसून राहिले. जेवले नाहीत. संध्याकाळी विचारलं, "कामावरून काढलं का मला?"

कालपरवाच मलाही कुणीतरी काढलं होतं. मी पंप खाली उतरवला.

१३ फेब्रुवारी

युक्ती काढली. स्वतःचीच पाठ थोपटून घ्यावी अशी. किड्यांचं औषध पाण्यात पडलं की पाणी दुधाळ होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी बादलीभर पाण्यात घोटभर दूध घातलं, काठीने ढवळलं आणि म्हटलं, "बाबा, औषध तयार आहे."

बाबा बादलीपाशी वाकले. वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी काठी ढवळतच राहिले.

"चांगलं घोळलंयस," म्हणाले, आणि पंप भरून निघाले.

तासभर गच्चीवर फुसफुस चालू होती. खाली आले तेव्हा चेहरा लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा. दमलेला आणि तृप्त. पोटभर जेवले.

एक गोष्ट मात्र खटकली. कामाला लागण्याआधी बाबा नाकातोंडावर फडकं बांधायचे. दुहेरी घडी, मागे गाठ. फडक्याशिवाय पंपाला हात लावलेला मी जन्मात पाहिला नाही. आज बांधलं नाही. तेही विसरले.

२० फेब्रुवारी

पहिला लेख गेला. भुंगेऱ्यांनी अंडी घातली, त्यातून अळ्या निघाल्या. काळ्या, काटेरी, सुसरीचं पिल्लू कुणी चिमटीत धरून दाबावं तशा. भुंगेऱ्यापेक्षा या पोरीच जास्त खातात. मुंग्या मावा राखतात हेही आजच कळलं. माव्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, तो मुंग्या चाटतात आणि त्यापायी भुंगेऱ्यांना हुसकून लावतात. थोडक्यात, दुसऱ्याच्या झाडावर पोसलेल्या दुसऱ्याच्या जिवाला दुहायचं आणि वर पहारा करायचा. जुनं सदर असतं तर यावर तीन रविवार काढले असते.

बाबांची फवारणी रोज चालू आहे. पण नेम गेला. शेंड्याला मारायला जातात आणि धार पडते कुंडीच्या कडेला, मुंग्यांच्या रांगेवर. ज्या पानांवर अळ्या असतात ती कोरडीच राहतात. एकेकाळी हा माणूस भिंतीच्या फटीत लपलेलं झुरळ पाठमोरा टिपायचा. मी काही बोलत नाही. माझ्या तर पथ्यावरच पडतंय.

आणि आणखी एक. आज फवारून खाली आले आणि ओल्या हातानेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काम चांगलं चाललंय तुझं," म्हणाले.

लहानपणी हे कधी व्हायचं नाही. बाबा कामावरून आले की आम्ही दोघं भावंडं दाराकडे धावायचो आणि ते दारातूनच ओरडायचे, "लांब! आंघोळ झाल्याशिवाय हात लावायचा नाही!" मग न्हाणीघराच्या दाराबाहेर आम्ही ताटकळत उभे. आतून पाण्याचा आवाज आणि त्या औषधाचा उग्र वास. लाड सुरू व्हायचे ते साबणाच्या वासानंतर. आता तो नियमही पुसला गेला. डोक्यावर हात होता तोवर बरं वाटलं. काढल्यावर रडू आलं.

२ मार्च

धाकट्या भावाचा फोन. तो दूर असतो आणि दूर असणाऱ्यांना सगळं स्पष्ट दिसतं.

"ताई, त्या वृद्धाश्रमाचं बघितलंस का? मी पत्ता पाठवला होता."

"बघते."

"दर वेळी बघतेच म्हणतेस."

"डोळे आहेत तोवर बघणारच."

"विनोद नको गं करूस. तुझी तब्येत बघ. एकटीनं किती ओढशील?"

"मी ओढत नाहीये. ते स्वतःच्या पायांनी चालतात. तू ये आणि आठवडाभर बघ."

मग त्याच्याकडे अचानक आवाज तुटायला लागला. आमच्या घरातली फोनची लाईन फार समजूतदार आहे.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुझ्या किड्यांचा पगार वेळेवर मिळतो ना?"

मी म्हटलं, "किड्यांना कसला पगार, बाबा?"

"हो, तेही खरंच," म्हणाले आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

९ मार्च

आज गुलाबाच्या पानाखाली काही मावे फुगलेले दिसले. भुरकट, ताठ, टरफलासारखे. भिंगातून पाहिलं तर एकेकाच्या पाठीला गोल भोक. पुस्तक काढलं. डोळ्याला जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी असते, ती माव्याच्या पोटात अंडं घालते. आतल्या आत अळी त्याला पोखरते. बाहेरून मावा जागच्या जागी बसलेला, पाय पानाला धरून. आत तो नसतोच. दुसरंच कुणी राहत असतं.

लेखात हे लिहिणार आहे. इथे जे लिहिते ते लेखात लिहिणार नाही: बाबांचंही तसंच झालंय. खुर्ची तीच, बूट तेच, खाकरणं तेच. आत कुणी नाही.

१५ मार्च

आज आमची शोभा झाली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात बाबा पंप घेऊन खाली उतरले आणि खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवली. "फवारणीवाला. स्वयंपाकघर मोकळं करा." आणि त्या बिचाऱ्या नवराबायकोने केलं! डबे, बरण्या, ताटंवाट्या, सगळं बाहेरच्या खोलीत मांडलं. बाबांच्या आवाजात अजून तेवढा दरारा आहे. ओट्याखालून माळ्यापर्यंत यथासांग फवारलं, दोन तास खिडक्या उघडायच्या नाहीत असं बजावलं आणि वर आले.

दुपारी शेजारीणबाई दारात. "अहो, कसलं औषध होतं ते? झुरळं होती तेवढी आहेतच, वर मुंग्यांची जत्रा लागलीये!"

दूध. मी माफी मागितली. ओटा पुसून द्यायला गेले. शेजारीणबाई हसतही होत्या. "आणि तोंडाला फडकं बांधून आले होते हो. दार उघडलं तर मला वाटलं, दरोडेखोर!"

म्हणजे फडकं खाली आठवतं आणि वर गच्चीवर आठवत नाही. या रोगाला शिस्त म्हणून नाही.

२८ मार्च

काल दुपारी बाबा बाहेर पडले. मी लेख संपवत होते. दार उघडं, बूट नाहीत. शोधत शोधत अंधार पडला. पोलीस, दवाखाने, बसथांबे. शेवटी सापडले एका शाळेच्या बंद फाटकापाशी, जमिनीवर बसलेले. सुट्टीत त्या शाळेतली वाळवी मारायचं काम पूर्वी त्यांच्याकडे असायचं. गुडघा फुटला होता. मला पाहून म्हणाले, "बाई, किल्ली कुणाकडे आहे?"

बाई.

आज धाकट्याला मीच फोन केला. "पाठव म्हणत होतास ना? पाठवते." तो म्हणाला, "ताई, मनापासून ठरवलंयस ना? नंतर मला बोल लावशील."

"अरे, ते फडकंसुद्धा बांधत नाहीत आता," मी म्हटलं. "दीड महिना झाला, गच्चीवर रोज फवारतात, एकदाही बांधलं नाही. ओल्या हातानं मला जवळ घेतात."

धाकटा रडला. त्यानेही बालपण न्हाणीघराच्या दाराबाहेर ताटकळत काढलेलं आहे. बाकी कशाने नाही पटलं दोघांना, एवढं मात्र पटलं. फडकं विसरले म्हणजे बाबा संपले.

६ एप्रिल

पोहोचवून आले.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून बाग दिसते. पलंगाच्या कडा रबराच्या. बाबांनी कोपरे तपासले, गादी उलटून पाहिली. "ढेकूण नाहीत. कुणी केलंय काम? बरं केलंय." मग विचारलं, "किती दिवसांचं काम आहे इथलं?"

मी म्हटलं, "मोठी जागा आहे, बाबा. लागतील दिवस."

पंप गाडीत होता. तिथल्या बाईंनी आत आणू दिला नसता, पण बाबांनी मागितलाही नाही. निघताना म्हणाले, "पंप तुझ्याकडेच राहू दे. मी नसताना तुझ्या किड्यांकडे कोण बघणार?"

मी म्हटलं, "बघते मी." धाकट्याला म्हणते तसंच.

परत येताना संपादकांचा फोन. वाचकांची पत्रं येतायत म्हणे, मॅडम, तुमच्या लेखणीत ओलावा आलाय. मी म्हटलं, दूध आहे ते. त्यांना कळलं नाही. कळू नये म्हणूनच म्हटलं होतं.

२० एप्रिल

हे आज लिहिलं नाही तर मला लिहिता येणारच नाही.

बाबांना भेटायला गेले. बागेत होते. माळी गुलाबांवर औषध मारत होता आणि बाबा शेजारी उभे राहून त्याला झापत होते. दोघांच्याही नाकातोंडावर फडकं. बाबांचं दुहेरी घडीचं, गाठ मागे. मी हाक मारली आणि पुढे झाले तर बाबांनी दोन्ही हात वर केले.

"लांब! वाऱ्याच्या तोंडी उभी राहू नकोस. आंघोळ झाल्याशिवाय हात लावायचा नाही!"

मी जागच्या जागी थांबले. वारा माझ्याकडे वळला आणि तो वास आला. न्हाणीघराच्या दाराबाहेरचा.

बाबा आंघोळीला गेले. माळी फडकं सोडत हसत म्हणाला, "ताई, आजोबा भारी आहेत तुमचे. मला म्हणाले, बिनफडक्याचा उभा राहशील तर थोबाडीत देईन. मी म्हटलं, घरी तुम्ही हेच औषध मारता का? तर म्हणाले, छे, घरी मी दूध मारतो."

"काय म्हणाले?"

"दूध-पाणी. म्हणाले, मुलीनं किडे पाळलेत. पेपरात त्यांच्यावर लिहिते, नोकरीच आहे ती तिची. पोरगी सकाळी उठून माझ्यासाठी दूध कालवते आणि औषध म्हणून देते. तिला वाटतं मला कळत नाही. म्हटलं, असू दे. मी आपला मुंग्या तेवढ्या उडवतो, तिच्या किड्यांना छळतात म्हणून." माळी पुन्हा हसला. "खरं का हो ताई?"

मी म्हटलं, "खरं."

बाबा साबणाचा वास घेऊन आले. मला जवळ घेतलं. आई अजून बाजारातून कशी आली नाही, असं विचारलं.

घरी येऊन बराच वेळ दुधाच्या पातेल्यासमोर उभी होते. त्या पंपात कधीच औषध नव्हतं, हे घरात दोघांना माहीत होतं. मी समजत होते, एकालाच. फडकं लागतं ते विषाला. दुधाला कशाला बांधतील? खालच्यांकडे बांधलं, कारण तिथे ते खरोखरच कामावर गेले होते.

आणि मी त्यावरून निकाल लावला. आत कुणी नाही म्हणून.

२१ एप्रिल

धाकट्याला सांगितलं. बाबांना परत आणते म्हटलं. तो म्हणाला, "ताई, फाटकापाशी सापडले तेही खरंच होतं ना? गुडघा फुटला होता."

"हो."

"तुला बाई म्हणाले होते."

"हो रे. दोन्ही खरं आहे. त्याला मी काय करू?"

या वेळी लाईन तुटली नाही. दिवसा घरात थांबायला कुणी मिळालं की लगेच आणायचं असं ठरलं. दाराला वर कडी लावून घेतली.

५ मे

माणूस मिळत नाही. एक बाई आल्या, गच्चीवरच्या अळ्या पाहून पळाल्या. दुसऱ्यांनी दोन दिवस येते-येते केलं आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. लेख तुंबले. रोज सकाळी दूध कालवून मीच मुंग्यांवर पंप मारते. माझा नेम खरोखरच वाईट आहे.

गेल्या रविवारी भेटायला गेले तर बाबा झोपलेले होते. उठवलं नाही.

१४ मे

मावा संपला. भुंगेरे चार दिवस कोरड्या शेंड्यांवर फिरले आणि निघून गेले. पुस्तकात लिहिलंय की हे असंच होतं, खायला उरलं नाही की ते थांबत नाहीत. वाचकांना मी हे यश म्हणून कळवलं.

मावशी मिळाल्या. धिप्पाड आहेत, कमी बोलतात, किड्यांना भीत नाहीत. सोमवारी बाबांना आणते.

१८ मे

बाबा बागेतच होते. माळी चहाला गेला होता आणि त्याचा पंप बाबांच्या हातात. गुलाबावर फवारत होते, अगदी मन लावून. तोंड उघडं. फडकं कुठेच नव्हतं. वारा सगळं त्यांच्याच अंगावर आणत होता, सदरा भिजला होता, भुवयांवरून थेंब गळत होते.

क्षणभर मला आनंद झाला, हे लिहून ठेवते. फडकं नाही म्हणजे दूधच असणार, असं वाटलं. मग वास आला.

मी धावले, पंप काढून घेतला. त्यांनी सहज दिला. माझ्याकडे पाहून हसले, कुणाकडेही पाहून हसावं तसे. मग भिजलेला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"काम चांगलं आहे तुमचं," म्हणाले.

माझ्या केसांतून ते कपाळावर ओघळलं. लांब हो, असं कुणी ओरडेल म्हणून मी थांबले. कुणी ओरडलं नाही. मी हलले नाही.

मग माळी धावत आला, नर्स आली. तिथेच कपडे काढून, भरपूर पाण्याने, साबणाने आंघोळ घातली. मीच घातली. पाठ, मान, कानांच्या मागे, नखांत. नर्स म्हणाली, तुम्ही आधी स्वतःचं डोकं धुवा. मी म्हटलं, आधी त्यांचं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, श्वास तपासला, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं, मग जा म्हणाले.

आता ते आतल्या खोलीत झोपलेत. पंप घासून खुर्चीपाशी ठेवलाय. उद्या दूध कालवेन, मुंग्या अजून आहेत. आणि फडकं मी बांधेन त्यांना, दुहेरी घडी, मागे गाठ. दुधाला लागत नसलं तरी.

घरी आल्यावर बाबांनी दारातच हात पुढे केले होते. मी लांब उभी राहिले. म्हटलं, थांबा, माझी आंघोळ व्हायचीये. डोक्यावरून पाणी घेतलं, वास जाईपर्यंत घेतलं. बाहेर आले तर बाबा न्हाणीघराच्या दारापाशी उभे होते. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नाही.

मग त्यांना जवळ घेतलं.